जुनी पिकअप देऊन दुसरी घेताना



स्मरणिका म्हटली की तीत धम्मावर, परमपूज्य बाबासाहेबांच्या चळवळीवर, शिक्षणावर लेख असतात. तेथे पिकअप गाडीच्या अदलाबदलीवर लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपल्या जामसर, जव्हार, मोखाडा या डोंगरी मुलखाकडे पाहिले तर हा विषय परका वाटणार नाही. येथील शेती पावसावरची. भात, नाचणी, वरई आली तर आली. दिवाळी उलटली की कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात. अशा ठिकाणी ज्या घरी एक पिकअप आहे त्या घराची चूल, मुलांची फी, आजारपण हे सारे त्या चार चाकांवर चालते. ती गाडी थकली म्हणजे बदलावी लागते आणि नवी कोरी घेण्याची ऐपत नसते. म्हणून जुनी देऊन, वर पैसे घालून, त्यातल्या त्यात अलीकडची वापरलेली गाडी घ्यायची, असा मार्ग आपल्यातील बहुतेक जण धरतात. बैल घ्यायला बाजारात जाताना आपण चार जाणत्यांना सोबत नेतो. गाडीच्या बाजारात मात्र एकटे जातो आणि दाखवील तेथे सह्या करून संध्याकाळी परत येतो.

आपल्याच परिसरातील एका बांधवाने काही वर्षांपूर्वी असेच केले. जुनी पिकअप एका विक्रेत्याच्या अंगणात सोडली, वरचे पैसे दिले, दुसरी गाडी घेऊन आला, पेढे वाटले. दीड-पावणेदोन वर्षांनी त्याच्या मोबाइलवर दंडाचे संदेश येऊ लागले. गाडी कुठल्या तरी दूरच्या रस्त्यावर होती, चालवणारा अनोळखी होता आणि सरकारी नोंदीत मालक म्हणून अजून याचेच नाव होते. विक्रेता म्हणाला, "मी तर केव्हाच पुढे विकली." दंडाच्या रकमेवर हे प्रकरण निभावले, कोणी त्या गाडीखाली आले नाही, एवढेच नशीब म्हणायचे. त्याच्याशी बोलताना लक्षात आले की चूक त्याने दुसरी गाडी निवडण्यात केली नव्हती. ती तर चांगलीच निघाली. चूक जुनी गाडी देण्यात होती. या लेखाचे सारे म्हणणे तेवढेच आहे: एक्स्चेंज म्हणजे एक व्यवहार नव्हे. ते दोन व्यवहार आहेत, एक विक्री आणि एक खरेदी, आणि दोन्ही वेगवेगळे पुरे करावे लागतात.

प्रथम पैशाचे पाहू. विक्रेता म्हणतो, "तुमच्या गाडीचे आम्ही अडीच लाख देतो, बाजारात कोणी देणार नाही." ऐकून बरे वाटते. उदाहरणापुरते आकडे घेऊ. पहिला विक्रेता जुन्या गाडीचे २,५०,००० धरतो आणि त्याच्याकडील गाडीची किंमत ६,२०,००० सांगतो. दुसरा जुन्या गाडीचे फक्त २,१०,००० धरतो, पण तशाच गाडीची किंमत ५,५०,००० सांगतो. पहिल्याकडे खिशातून जाणार ३,७०,००० आणि दुसऱ्याकडे ३,४०,०००. म्हणजे ज्याने आपल्या गाडीला कमी मोल दिले तोच तीस हजारांनी स्वस्त पडला. म्हणून जुन्या गाडीचा भाव आणि दुसरीचा भाव वेगवेगळा विचारावा, कागदावर लिहून घ्यावा आणि फक्त वरच्या रकमेची तुलना करावी. "एक्स्चेंज न करता रोखीने घेतली तर कितीला द्याल?" हा प्रश्न आधी विचारला तर बरेचसे चित्र स्पष्ट होते.

जुनी गाडी परस्पर गिऱ्हाइकाला विकली तर बहुधा जास्त पैसे येतात, कारण मधल्याचा नफा वाचतो. विक्रेत्याला दुरुस्ती करायची असते, जागेचे भाडे असते, आणि २०२५ च्या जानेवारीपासून नोंदणीकृत विक्रेत्याला जुन्या गाडीवरील आपल्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. हे सारे तो आपल्या भावातून कापणारच. त्यात त्याचा दोष नाही. मात्र परस्पर विकायची तर गिऱ्हाईक मिळेपर्यंत धंदा बंद ठेवता येत नाही, ही आपली अडचण. ज्याला महिनाभर कळ काढता येते त्याने परस्पर विकावी. ज्याचा हप्ता, दूध, भाजी रोजची आहे त्याला विक्रेत्याची सोय महाग असूनही परवडते.

पण गाडी बदलावी केव्हा? शेजाऱ्याने बदलली म्हणून, की आपली खरोखर नफा खाते आहे म्हणून? याचे उत्तर वहीत असते, आणि आपल्यापैकी फार थोडे जण वही ठेवतात. मागील बारा महिन्यांत दुरुस्तीला किती गेले, गाडी गॅरेजमध्ये किती दिवस उभी राहिली आणि त्या दिवसांचे किती भाडे बुडाले, हे तीन आकडे मांडावेत. त्यांची बेरीज वर्षाच्या हप्त्यांहून बरीच कमी असेल तर जुनीच गाडी चालवणे शहाणपणाचे. गाडीचे वयही पाहावे. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग असते, त्यानंतर दरवर्षी. पंधरा वर्षांवरील गाडीच्या पासिंगचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून भरमसाट वाढलेले आहे. त्यामुळे चौदा वर्षांची गाडी देऊन अकरा वर्षांची घेणे म्हणजे तीन-चार वर्षांनी पुन्हा त्याच दारात येणे.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार वाटे करायला सांगितले आहे. एक वाटा उपभोगासाठी, दोन कामधंद्यात घालण्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवण्यासाठी. गाडीवाल्याला हा चौथा वाटा फार लागू पडतो. डिझेल वजा जाता हातात उरले ते सारे आपले, असे आपण समजतो. पाच लाखांना घेतलेली गाडी पाच वर्षांनी अडीच लाखांना गेली, तर मधले अडीच लाख रस्त्यात झिजले. महिन्याला सुमारे ४,१६७ रुपये होतात. हे पैसे कमाईचे नव्हेत, गाडीचेच आहेत. ज्याने ते दरमहा बाजूला टाकले त्याला पुढची गाडी घेताना कर्जवाल्यापुढे वाकावे लागत नाही. ऋण नसण्याचे सुख हे गृहस्थाच्या चार सुखांपैकी एक, असे भगवंतांनी अनाथपिंडिकाला सांगितले होते. हप्ता थकलेल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

गाडी केवढी घ्यावी यावरही दोन शब्द. बाबासाहेबांनी १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवर जो प्रबंध लिहिला त्यात त्यांनी एक मुद्दा मांडला होता: शेत लहान की मोठे यावरून ते परवडणारे ठरत नाही, त्याबरोबर भांडवल, अवजारे आणि माणसे यांचे प्रमाण कसे आहे यावर ते ठरते. विद्यार्थ्यांनी तो प्रबंध जरूर वाचावा. गाडीचेही तसेच आहे. मोगऱ्याची फुले, भाजी, किराणा, आंबे यांची वाहतूक करणाऱ्याने मोठ्या हौद्याची गाडी घेतली तर परतीचा फेरा रिकामा येतो आणि डिझेल मात्र तेवढेच जळते. सिमेंट, वाळू, विटा नेणाऱ्याने लहान घेतली तर कमानीचे पाटे घाटात मोडतात. नोंदणीपुस्तकातील एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की कायद्याने किती माल भरता येतो ते कळते. विक्रेता तोंडाने सांगतो तो आकडा नव्हे, हा आकडा खरा. एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसेल तर मालवाहतुकीचे परमिट लागत नाही, त्यापुढे लागते. परवान्याचा घोळही आता मिटला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला की ज्याच्याकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना आहे तो ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहनही चालवू शकतो.

आणि माल म्हणजे माल. हे थोडे विषयांतर आहे, पण केल्याशिवाय राहवत नाही. लग्नाला, जयंतीच्या मिरवणुकीला, ६ डिसेंबरला दादरला जायला आपण पिकअपच्या हौद्यात माणसे बसवतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्येच स्पष्ट केले आहे की मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. मालाबरोबर जाणाऱ्या मालाच्या मालकाची गोष्ट निराळी. अपघात झाला तर भरपाई गाडीमालकाच्या घरादारावर येते. समाजाच्या कार्यक्रमासाठी बस ठरवावी, वर्गणी थोडी वाढली तरी चालेल.

आता दुसरी गाडी पाहण्याचे. मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नये, तो मागे फिरवता येतो. क्लच आणि ब्रेकच्या पायट्यांची झीज, स्टेअरिंगची चकाकी, चालकाच्या आसनाचा खोलगटपणा हे खोटे बोलत नाहीत. आपल्याकडे पाऊस दांडगा, म्हणून खाली वाकून चासी पाहावीच. ताजा काळा रंग दिसला तर त्याखाली गंज किंवा वेल्डिंग असण्याचा संभव धरावा. खाडीकाठी, मिठागरांच्या बाजूला किंवा मासळीच्या धंद्यात चाललेली गाडी वरून कितीही चकचकीत असली तरी हौद्याच्या तळाशी सडलेली असू शकते. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. सतत निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल खाते आणि बोअरचे काम जवळ आले, असे समजावे. मैदानातील फेरी ही परीक्षा नव्हे. शक्य तर माल भरून घाट चढवावी, कारण आपले निम्मे आयुष्य दुसऱ्या गिअरमध्येच जायचे आहे. घसरणारा क्लच आणि तापणारे पाणी तेथेच कळते. उतरताना ब्रेक एका बाजूला ओढतो का, तेही पाहावे. या कामासाठी आपला मिस्त्री सोबत न्यावा आणि त्याची दिवसाची मजुरी द्यावी. दोन-चार लाखांच्या व्यवहारात तेवढे पैसे वाचवण्यात शहाणपणा नाही.

अलीकडची गाडी म्हणजे चांगलीच, हाही एक समज आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानकाच्याच गाड्या विकल्या जातात. त्यांचा धूर कमी, हे चांगलेच आहे. पण बऱ्याच डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते आणि ती साफ राहायला गाडी मधूनमधून लांब, वेगात पळावी लागते. पाड्यापाड्यांतून थांबत थांबत चालणाऱ्या गाडीत ती तुंबते, दिवा लागतो, गाडीचा जोर कमी होतो. मग सेन्सर तपासणारे यंत्र ज्याच्याकडे आहे तेथे खाली पालघर-वसईकडे किंवा वर नाशिकला न्यावी लागते. जव्हारचा ओळखीचा मिस्त्री पान्याने बरी करील अशा बीएस-४ गाडीचा विचारही म्हणून सोडू नये. फेरे लांबचे असतील तर बीएस-६ घ्यावी. गावातल्या गावात फिरायचे असेल तर मिस्त्रीला विचारूनच ठरवावे.

कागदपत्रांच्या बाबतीत आपली शिकलेली मुले आता घरच्या घरी पुष्कळ काही करू शकतात. परिवहन खात्याच्या 'वाहन' प्रणालीवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, पासिंगची मुदत, विम्याची मुदत, कर्जाचा बोजा यांची माहिती मिळते. ई-चलानचे थकलेले दंडही पाहता येतात. इसार देण्यापूर्वी हे सारे पाहावे, दिल्यानंतर नव्हे. चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावेत. कर्ज फिटलेले असले तरी पुस्तकावरून बोजा उतरवण्यासाठी कर्ज देणाऱ्याची एनओसी आणि फॉर्म ३५ द्यावा लागतो. तो उतरलेला नसेल तर नाव बदलत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नव्या धर्तीची सुरक्षित नंबर प्लेट बसवली आहे का, तेही पाहावे.

आपल्या भागात सिल्वासा आणि वलसाड जवळ, त्यामुळे तिकडच्या क्रमांकाच्या गाड्या स्वस्तात दाखवल्या जातात. स्वस्तपणाचे कारण बहुधा पुढच्या खर्चात असते. परराज्यातील गाडीला फॉर्म २८ वरील ना-हरकत दाखला लागतो, बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ येथे ठेवायची तर महाराष्ट्रात पुन्हा नोंदणी करून नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि येथील कर भरावा लागतो. हा खर्च किमतीत मिळवून मगच तुलना करावी.

कर्जाबाबत एकच गोष्ट समजून घेतली तरी पुष्कळ झाले. जुन्या गाडीच्या कर्जावर व्याज 'फ्लॅट' पद्धतीने सांगण्याची रीत आहे. चार लाखांचे कर्ज, तीन वर्षे, फ्लॅट १० टक्के, असे सांगितले तर व्याज १,२०,००० आणि महिन्याचा हप्ता सुमारे १४,४४४ रुपये होतो. आता बँक म्हणते घटत्या शिलकीवर १२ टक्के. ऐकायला बारा जास्त, पण हप्ता सुमारे १३,२८६ येतो आणि तीन वर्षांचे व्याज ७८,३०० च्या आसपास. म्हणजे बेचाळीस हजारांचा फरक. फ्लॅट दराने आपण शेवटच्या महिन्यातही पूर्ण चार लाखांवर व्याज भरत असतो, जरी मुद्दल केव्हाच बरेचसे फेडलेले असले. तो १० टक्के दर घटत्या शिलकीच्या हिशेबाने जवळजवळ १८ टक्के पडतो. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत करून वडिलांना दाखवावे. हप्त्याचा आकडा, हप्त्यांची संख्या आणि त्यांचा गुणाकार, एवढे तरी सही करण्याआधी कागदावर असावे.

आता ज्या गोष्टीपासून सुरुवात केली तेथे येतो. जुनी गाडी देताना विक्रेता दोन फॉर्मवर कोऱ्या सह्या घेतो, गाडीवाले त्यांना टीटी फॉर्म म्हणतात. ते फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. गिऱ्हाईक मिळाले की त्याचे नाव भरू, असे सांगितले जाते. कायदा असा आहे की त्याच राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आपले नाव लावून घ्यायचे. कोऱ्या सह्यांचा कागद कोणाच्या तरी खणात पडून राहतो, गाडी तीन-चार हात फिरते आणि नाव आपलेच राहते. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात नेमके हेच पाहिले. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच्याच नावावर होती. अपघाताच्या भरपाईसाठी न्यायालयाने त्या नोंदलेल्या मालकालाच जबाबदार धरले. अपघातग्रस्ताने खऱ्या मालकाच्या शोधात दारोदार फिरावे हे न्यायालयाला मान्य नव्हते, आणि अपघातग्रस्ताच्या बाजूने पाहिले तर ते योग्यच आहे. स्टॅम्प पेपरवर केलेली विक्रीची पावती आपल्यापाशी असली तरी ती या जबाबदारीतून सोडवत नाही; ती फार तर पुढे विकत घेणाऱ्याकडे पैसे मागायच्या कामाची.

विक्रेत्याला गाडी देणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून एक चांगला नियम लागू झालेला आहे, पण आपल्याकडे त्याची माहिती फारशी कोणाला नाही. जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याने नोंदणी कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यायचे असते. अशा अधिकृत विक्रेत्याला गाडी देताना मालक आणि विक्रेता मिळून फॉर्म २९-सी ऑनलाइन भरतात. तो भरला की गाडी पुढे विकली जाईपर्यंत विक्रेताच मालक मानला जातो आणि त्या काळातील जबाबदारी त्याची राहते. म्हणून एक्स्चेंजला जाल तेथे पहिला प्रश्न भावाचा नको. अधिकारपत्र आहे का आणि २९-सी भरणार का, हे आधी विचारावे. जो टाळाटाळ करील त्याने जुन्या गाडीला वीस हजार जास्त दिले तरी ते स्वस्त नाहीत. अधिकृत विक्रेता मिळालाच नाही तर ज्याच्या हाती गाडी द्यायची त्याचे नाव, पत्ता फॉर्ममध्ये आपल्यासमोर भरून घ्यावे, ओळखपत्राची प्रत घ्यावी, स्वतः अर्ज दाखल करून पावती जपावी आणि महिन्याभराने 'वाहन'वर नाव बदलले का ते पाहावे. वरच्या रकमेतील थोडा भाग नाव बदलेपर्यंत रोखून धरता आला तर उत्तम.

विम्याचेही दोन्ही बाजूंनी पाहावे. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, जिला नो क्लेम बोनस म्हणतात, ती गाडीची नसून मालकाची असते. जुनी गाडी देताना विमा कंपनीकडून तिचा दाखला घेतला तर दुसऱ्या गाडीच्या विम्यात ती सवलत मागता येते. बरेच जण ती गाडीबरोबर सोडून देतात. घेतलेल्या गाडीचा विमा मात्र १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा. तो न केल्यास परक्या माणसाच्या नुकसानीचे संरक्षण चालू राहते, परंतु आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मागताना पॉलिसीवर नाव दुसऱ्याचे म्हणून दावा नाकारला जातो. नोंदणीत आपला स्वतःचा मोबाइल क्रमांक घालावा, एजंटाचा घालू देऊ नये; नाहीतर नोटिसा त्याच्याकडे जातात आणि आपल्याला कळते तोवर दंड साचलेला असतो.

शेवटी गाडी हवाली करण्याचा क्षण. किल्ली देण्यापूर्वी मीटरच्या आकड्यासह गाडीचा फोटो घ्यावा आणि पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्यावी, जसे "दुपारी ३ वाजून २० मिनिटे", आणि खाली दोघांच्या सह्या. त्याच संध्याकाळी ती गाडी कुठे धडकली तर विचारणा तासांवरून होते. आणि फास्टॅग बंद करायला विसरू नये. तो काचेवर तसाच राहिला तर दुसऱ्याच्या फेऱ्यांचा टोल आपल्या खात्यातून जात राहतो.